चार वर्षांची मुलगी, मानेतली गाठ आणि घरातला ‘विडीचा खोकला’

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं एक गाव, तिथली चार वर्षांची मुलगी. मानेच्या उजव्या बाजूला गाठ आलीय आणि दोन महिने झाले तरी जात नाहीये म्हणून आई तिला माझ्याकडे घेऊन आली. ही केस जरा सविस्तर लिहितेय. मानेतली गाठ हा लहान मुलांच्या ओपीडीतला रोजचा विषय आहे, बहुतेक वेळा त्यात काही निघत नाही, आणि जेव्हा निघतं तेव्हा नुसती मान बघून भागत नाही, घरातल्या मोठ्या माणसांपर्यंत जावं लागतं. घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील गाळलेत किंवा बदललेत.

गाठ पहिल्यांदा दिसली ती वेणी घालताना. आईला वाटलं गालफुगी असेल, पण गाल सुजला नव्हता, ताप नव्हता, पोरगी खेळत होती, मग आठवडाभर तसंच गेलं. नंतर गावातल्या एका डॉक्टरांकडे दाखवलं, त्यांनी घसा बघून टॉन्सिलमुळे आलीय म्हणून सिरप दिलं. गाठ थोडी कमी झाल्यासारखी वाटली, परत वाढली, मग तालुक्याला दुसरीकडे दाखवलं, तिथे सिरप बदललं. मधल्या काळात आजीने चुना आणि गुळाचा लेप लावून बघितला, शेजारच्या एकीने बिब्बा घालायला सांगितला पण आईने घालू दिला नाही, “त्यानं कातडं भाजतंय, माझ्या भावाला लहानपणी घातलेला, अजून डाग हाय.” या बाईचं मला फार कौतुक वाटलं. सातवीपर्यंत शिकलेली, घरात सून म्हणून सगळ्यात शेवटी बोलणारी, पण इथे अडून बसली आणि बरोबर अडून बसली.

मी सगळ्यांना सांगते की येताना आधीच्या औषधांच्या बाटल्या, पुडे, चिठ्ठ्या सगळं पिशवीत घालून आणा. हिने आणलं होतं. पिशवीत चार बाटल्या. एक साधं अमॉक्सिसिलीन, ते ठीक, साध्या जंतुसंसर्गाचा संशय येतो तेव्हा आम्ही पण आधी तेच देतो. दुसरी तापाची. तिसरी ऑफ्लॉक्सासिनची. चौथ्या बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरात प्रेडनिसोलोन लिहिलेलं, म्हणजे स्टेरॉईड. या शेवटच्या दोन बाटल्यांबद्दल थोडं बोललंच पाहिजे. ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन किंवा लिनेझोलिड ही औषधं टीबीच्या जंतूवर अर्धवट काम करतात, त्यामुळे गाठ थोडी दबते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि नंतर तपासणीत जंतू सापडणं अवघड होऊन बसतं. स्टेरॉईडने गाठ झपाट्याने कमी होते, पण ती कशाचीही असली तरी कमी होते. टीबीची असेल तर आतून आजार वाढायला मोकळीक मिळते, आणि ल्युकेमिया किंवा लिम्फोमाची, म्हणजे रक्ताच्या किंवा ग्रंथींच्या कॅन्सरची असेल तर निदानच झाकलं जातं, पुढच्या उपचारावरसुद्धा त्याचा परिणाम होतो. निदान व्हायच्या आधी गाठीसाठी स्टेरॉईड द्यायचं नाही हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. नशिबाने ती बाटली जेमतेम दोन-तीन दिवस दिली होती, कडू लागते म्हणून पोरगी थुंकून टाकायची.

आता तपासणी. मला ही केस लिहावीशी वाटली त्याचं मोठं कारण हेच की या एका पोरीच्या अंगावर चार ठिकाणी गाठी होत्या, आणि चारही वेगवेगळ्या कारणाच्या.

गाठ का येते ते आपल्याकडे शेतावर काम करणाऱ्या कुठल्याही आजीला माहीत असतं. पायात काटा मोडला, जखम चिघळली की जांघेत अवधान येतं. जखम पायात, दुखतंय जांघेत. अंगभर अशा लसिका ग्रंथी आहेत आणि प्रत्येक ग्रंथीकडे ठरलेला एक भाग आहे, त्या भागात जंतू शिरला की तिथली ग्रंथी कामाला लागते आणि सुजते. म्हणून गाठ हाताला लागली की नुसतं गाठीकडे बघत बसायचं नाही, ती ज्या भागाची आहे तो भाग शोधायचा.

मी आधी मागून हात लावला. डोक्याच्या मागे, केस संपतात तिथे दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या गाठी, हरभऱ्याएवढ्या, बोटाखाली सरकणाऱ्या. केस बाजूला केले तर उवा आणि लिखा, आणि खाजवून खाजवून टाळूवर खपल्या. म्हणजे या गाठी उवांच्या. जबड्याच्या खाली डाव्या बाजूला एक, साधारण एक सेंटीमीटर, दाबल्यावर पोरीने तोंड वेडंवाकडं केलं. तोंड उघडून बघितलं तर खालची डावी दाढ काळी पडून पोखरलेली, हिरडी सुजलेली. ही दाढेची. जांघेत दोन्हीकडे बारीक गाठी होत्या. ही पोरगी दिवसभर अनवाणी अंगणात, पायाला चार ठिकाणी ओरखडे, एक डास चावून चिघळलेला. खेळत्या मुलाच्या जांघेत दीड सेंटीमीटरपर्यंतची गाठ लागली तर मी त्याच्याकडे फारसं लक्षही देत नाही.

आणि मग उजवीकडची, ज्यासाठी ते आले होते. कानाच्या मागून खांद्याकडे जो लांब स्नायू उतरतो त्याच्या मागच्या कडेला. ती एक गाठ नव्हतीच, तीन होत्या, एकमेकींना चिकटून एक गठ्ठा झालेला, सगळ्यात मोठी अडीच सेंटीमीटर. दाबलं तरी पोरगी काही बोलली नाही, माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपशी खेळत बसली. वरची कातडी गरम नाही, लाल नाही. हलवायला गेलं तर तिन्ही एकत्रच हलतात.

या चौथ्या जागेने मला थांबवलं. साध्या जंतुसंसर्गाने सुजलेली गाठ चार-पाच दिवसांत येते, लाल होते, गरम असते, मूल मान वळवू देत नाही, ताप असतो, आणि योग्य अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत फरक दिसायला लागतो. सर्दी-खोकल्याच्या व्हायरसने येणाऱ्या गाठी दोन्ही बाजूंना असतात, मऊ असतात, सुट्या असतात, दोन-चार आठवड्यांत उतरतात, काही मुलांमध्ये पुरत्या जात नाहीत पण लहान होऊन तशाच राहतात आणि त्याने काही बिघडत नाही. दोनपासून दहा वर्षांच्या मुलांच्या मानेत एक सेंटीमीटरच्या आतल्या सुट्या गाठी हाताला लागणं इतकं कॉमन आहे की आईवडील घाबरून रात्री झोपत नाहीत याचं मला वाईट वाटतं. पण दोन सेंटीमीटरच्या वरची, न दुखणारी, एकमेकींना चिकटलेली, अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स होऊनही न जाणारी गाठ असेल तर आपल्या देशात टीबीचं नाव सगळ्यात आधी डोक्यात यायला हवं. जुनी माणसं ज्याला गंडमाळा म्हणायची ते बहुतेक वेळा हेच असायचं.

मी हासळीच्या हाडाच्या वरची खळगीपण चाचपली, कारण तिथे गाठ लागली तर ती कितीही छोटी असो, माझ्या लेखी ती साधी नाही, ते मूल त्याच दिवशी पुढच्या तपासणीला जातं. तिथे काही नव्हतं. काख बघितली, पोट बघितलं, लिव्हर आणि प्लीहा वाढलेल्या नव्हत्या. अंगावर लाल-निळे ठिपके नाहीत, पोरगी पांढरी पडलेली नाही, हाडं दुखतात म्हणून चालायला नको म्हणते असं नाही, आडवं केल्यावर दम लागत नाही. यातलं काही असतं तर मी टीबीच्या आधी रक्ताच्या कॅन्सरकडे गेले असते.

वजन १२.४ किलो. चार वर्षांच्या मुलीचं सरासरी वजन साधारण १६ असतं, १२.३ च्या खाली गेलं की कमी वजनाच्या गटात. म्हणजे ही अगदी काठावर. पण एका वेळच्या वजनावरून काही कळत नाही, गावाकडची पोरं किरकोळच असतात. मी आईला अंगणवाडीच्या ताईंना फोन लावायला सांगितला. ताईंनी बघून सांगितलं, चार महिन्यांपूर्वी १३.१ होतं. वाढत्या वयाचं मूल चार महिन्यांत वजन वाढवतं, हिचं सातशे ग्रॅमने उतरलं होतं. अंगणवाडीतलं ते दर महिन्याचं वजन म्हणजे नुसतं कागद भरणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. संध्याकाळी अंग कोमट लागतं का विचारल्यावर आई म्हणाली हो लागतं, पण खेळून येते म्हणून असेल असं वाटायचं.

मग मी विचारलं, घरात कुणाला खोकला आहे का? आई म्हणाली नाही. सोबत आलेली आजी म्हणाली नाही, कुणालाच नाही. हे उत्तर मला जवळजवळ प्रत्येक घरातून मिळतं आणि लोक खोटं बोलत नसतात. घरातला जुना खोकला कुणाला खोकला वाटतच नाही, तो त्या माणसाचा आवाज होऊन गेलेला असतो. म्हणून मी प्रश्न फिरवून विचारते. पोरगी रात्री कुणाजवळ झोपते? दिवसा कुणाकडे असते? तिला कोण भरवतं? आई म्हणाली, “धाकटा पाळण्यातला हाय, मग ही मामांजवळ झोपती.” मामा म्हणजे तिचे सासरे. मामांची तब्येत कशी आहे? “बरी हाय की. जरा वाळल्यात. विडीचा खोकला हाय तेवढा, तो त्यांना पहिल्यापासनंच.” आजीने लगेच जोडलं, “सकाळी उठल्या उठल्या खोकत्यात, मग दिवसभर काय नसतं.” विडी ओढणाऱ्या माणसाला खोकला असतोच हे खरं आहे. आणि म्हणूनच त्याच्या खोकल्याआड टीबी कित्येक महिने लपून राहू शकतो.

लहान मुलांच्या टीबीची गोष्टच अशी आहे की मूल तो मुलांकडून सहसा घेत नाही. लहान मुलाच्या छातीत जंतू कमी असतात, खोकून बाहेर टाकायची ताकद कमी असते. त्याला तो मिळतो जवळच्या, खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून, बहुतेक वेळा घरातूनच. त्यामुळे चार वर्षांच्या पोरीच्या मानेत टीबीची गाठ सापडते तेव्हा तिच्या आसपास एक मोठा माणूस असा आहे ज्याला टीबी आहे आणि ज्याला अजून कुणी शोधलेलं नाही असं मी धरूनच चालते. पोरीला औषध देऊन घरी पाठवलं आणि त्या माणसाला तसंच सोडलं तर पाळण्यातल्या धाकट्याचा नंबर पुढचा.

तपासण्या सांगते. मँटू ही टीबीची टेस्ट केली, हातावर २ टीयूचं (टीयू हे डोस मोजायचं एकक) इंजेक्शन, ४८ ते ७२ तासांनी बघायचं. बऱ्याच ठिकाणी नुसती लाली मोजून आकडा लिहितात, लालीला काही अर्थ नाही, बोटाने चाचपून कडक झालेला भाग मोजायचा. १० मिलीमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, हिची १४ आली. मँटूवरून शरीराला जंतूची ओळख झालीय एवढंच कळतं, आजार आहे की नाही ते ठरत नाही, हे आईला समजावून सांगितलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. मानेच्या सोनोग्राफीत गाठी चिकटलेल्या आणि मोठीच्या मध्यभागी पेशी मरून पातळ झालेल्या दिसल्या. खरं उत्तर यायचं होतं ते गाठीतूनच, म्हणजे एफएनएसीमधून, बारीक सुईने आतलं थोडं ओढून घ्यायचं.

इथे घर अडलं. वडील फोनवर म्हणाले गाठीला सुई लावली की आजार पसरतो, गावात एकाचं तसंच झालं. ही भीती मी इतक्यांकडून ऐकलीय की तिला झटकून टाकणं मला पटत नाही, त्यामागे खरंच कुणीतरी गेलेलं असतं, आणि त्या माणसाचा आजार सुईच्या आधीच पसरलेला असतो हे सांगायला कुणी बसलेलं नसतं. मी वडिलांना समोर बोलावलं, सुई दाखवली, रक्त काढायच्या सुईसारखीच. आणि हेही सांगितलं की गाठीला चीर देऊन पू काढायला कुणी सांगितलं तर मात्र करू नका, टीबीची गाठ चिरली की ती जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते. सुई लावणं आणि चीर देणं यातला फरक कळल्यावर ते तयार झाले.

दुसरी अडचण आमच्याच बाजूची असते. काढलेलं सगळं सँपल काचेवर पसरून पॅथॉलॉजीला पाठवलं की काम झालं असं खूप ठिकाणी समजतात. काचेवर टीबीसारख्या पेशी दिसतात, पण जंतू कुठल्या औषधाला दाद देतो ते त्यातून कळत नाही. थोडा भाग सलाईनमध्ये ठेवून सीबीनॅटला (जंतू आणि त्याचा औषधाला प्रतिकार यंत्रावर शोधणारी टेस्ट) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवावा लागतो, आणि तो चुकून फॉर्मलिनमध्ये (सँपल टिकवायचं रसायन) घातला तर जंतू मरतात, मग कल्चर विसराच. मी सँपल काढणाऱ्या डॉक्टरांना आधीच फोन करून सांगितलं, दोन बाटल्या वेगळ्या, एकीवर ठळक लिहा फॉर्मलिन नको. सुईत पिवळसर, घट्ट पूसारखं आलं. सीबीनॅटचा रिपोर्ट: टीबीचा जंतू सापडला, रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, प्रतिकार नाही.

आजोबांचा बेडका तालुक्यालाच सीबीनॅटसारख्या ट्रूनॅट यंत्रावर तपासला. हे यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालतं, एसी नसलेल्या छोट्या केंद्रातसुद्धा ठेवता येतं, त्यामुळे बऱ्याच तालुक्यांच्या ठिकाणी आता पोचलंय. पॉझिटिव्ह. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी. टीबीच्या प्रत्येक पेशंटची शुगर आणि एचआयव्ही तपासतात, त्यात आजोबांची शुगरही खूप वाढलेली निघाली, तीही कुणाला माहीत नव्हती. वाळले होते ते नुसतं वय नव्हतं.

आजोबा मला भेटायला आले तो दिवस मला चांगला आठवतो. टोपी हातात घेऊन बसले आणि पहिलाच प्रश्न, “आवं म्याडम, म्हंजी माझ्यामुळं झालं व्हय हे पोरीला?” याचं उत्तर द्यायला मला दरवेळी जड जातं. खोटं बोलायचं नाही आणि माणसाला मोडायचंही नाही. मी म्हटलं, जंतू तुमच्याकडून आला असणार, पण तुम्ही तो मुद्दाम दिला नाही, तुम्हाला तरी तो दुसऱ्या कुणाकडून आलाच ना. आणि पोरीमुळे तुमचा आजार सापडला, नाहीतर अजून सहा महिन्यांनी रक्ताच्या गुळण्या झाल्यावर आला असता. ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून नातीची औषधाची वेळ त्यांनी एकदाही चुकू दिली नाही असं सून सांगते, स्वतःच्या गोळ्या घेताना तिला समोर बसवतात.

आजीची काळजी वेगळी होती. पोरीची जात, उद्या लग्नाच्या वेळी कुणी काढलं तर? गावात सांगू नका म्हणाली. मी म्हटलं गावात मी कशाला सांगू, पण अंगणवाडी बंद करू नका. फक्त गाठीचा टीबी असलेलं आणि छाती स्वच्छ असलेलं मूल दुसऱ्या कुणाला टीबी देत नाही, तिला वेगळं ताट, वेगळं अंथरूण काही लागत नाही. आजोबांचं वेगळं. त्यांनी सुरुवातीचे काही आठवडे वेगळं झोपायचं, खिडकी उघडी ठेवायची, तोंडाला कापड बांधायचं, इकडेतिकडे थुंकायचं नाही. औषध नियमित सुरू झाल्यावर दुसऱ्याला लागण व्हायचा धोका झपाट्याने खाली येतो. वडिलांचा प्रश्न होता की बीसीजी दिलेलं असताना झालाच कसा, डाव्या दंडावर व्रण आहे की. बीसीजी लहान मुलाला टीबीच्या भयंकर प्रकारांपासून वाचवतं, मेंदूचा टीबी, अंगभर पसरणारा टीबी. गाठीचा होऊ शकतो. हिचा मानेत अडकून राहिला, मेंदूपर्यंत गेला नाही, यात त्या लसीचा वाटा असू शकतो असं मी सांगितलं.

औषधं सरकारी कार्यक्रमातून, मोफत. खाजगी डॉक्टरने टीबीचा पेशंट कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, कळवलं की निक्षय आयडी, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणीचा नंबर मिळतो आणि पेशंट ऊसतोडीला किंवा मुंबईला गेला तरी औषध तिथल्या केंद्रावर चालू ठेवता येतं. कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. मुलांच्या गोळ्या पाण्यात विरघळणाऱ्या असतात, फळाचा वास असलेल्या, वजनावर ठरतात. १२ ते १५ किलोला तीन मिश्र गोळ्या आणि सोबत चौथ्या औषधाच्या, एथॅम्ब्युटॉलच्या तीन. वजन वाढलं की डोस वाढतो, त्यामुळे दर महिन्याला वजन झालंच पाहिजे, सुरुवातीचा डोस शेवटपर्यंत तसाच ओढणं चूक. लघवी नारिंगी होईल हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. सांगितलं नाही तर दुसऱ्या सकाळी आई ती लघवी बघून औषध बंद करते, आणि त्यात तिची काय चूक. पेशंटच्या आहारासाठी सरकारी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, आजोबा आणि नात दोघांचे मिळून त्यात अंडी आणि शेंगदाणे निघाले.

दाढ भरून घेतली, उवांचं औषध घरातल्या सगळ्या बायकापोरींना एकाच दिवशी लावायला दिलं. महिन्याभरात डोक्यामागच्या आणि जबड्याखालच्या गाठी जवळजवळ गेल्या.

पाळण्यातला धाकटा आठ महिन्यांचा. खोकला नाही, ताप नाही, वजन व्यवस्थित वाढतंय, एक्स-रे स्वच्छ. त्याला आजार नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधासाठी आयसोनियाझिड सुरू केलं, रोज, सहा महिने. घरात थुंकीत जंतू असलेला पेशंट असेल तर पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला हे मिळायला पाहिजे, आणि हेच सगळ्यात जास्त राहून जातं, कारण धडधाकट बाळाला रोज गोळी कशाला असं घरच्यांना वाटतं आणि विचारणारं कुणी नसतं. त्याच्या डाव्या काखेतही आईला एक छोटीशी गाठ लागली होती, ती रडवेली होऊन आली, याला पण झाला का म्हणून. ती बीसीजीच्या लसीमुळे आलेली गाठ होती. लस डाव्या दंडावर देतात, त्या भागाची ग्रंथी डाव्या काखेत, काही बाळांना लसीनंतरच्या महिन्यांत ती येते. सेंटीमीटरच्या आतली होती, मऊ. तिला काही करायचं नाही, दाबायची नाही, शेकायची नाही, ती हळूहळू बसते.

मग दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पोरीची मान परत सुजली. मोठी गाठ होती त्याहून मोठी झाली, वरची कातडी लालसर, शेजारी एक नवीन. घरातली सगळी माणसं एकदम ढासळली, वडील म्हणाले औषधच लागू पडत नाहीये, मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे नेतो. खरं म्हणजे हे होऊ शकतं हे मी औषध सुरू करताना सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि डोळ्यासमोर बघितलेलं यात फरक पडतोच. गाठीच्या टीबीत औषध चालू असताना बऱ्याच पेशंटच्या गाठी आधी वाढतात. जंतू मरत असतात, शरीराची प्रतिकारशक्ती जागी झालेली असते, ती मेलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि सूज येते. पण ‘असं होतं’ म्हणून सोडून देऊन चालत नाही, तीन गोष्टी बघाव्या लागतात. औषध खरंच रोज जातंय का, डोस वजनाला बरोबर आहे का, आणि जंतू औषधाला प्रतिकार करणारा तर नाही ना. गोळ्यांची रिकामी पाकिटं आजोबांनी जपून ठेवली होती, एकही कमी नव्हती. डोस बरोबर. बाजूच्या चांगल्या कातडीतून तिरकी सुई घालून पू काढला, कल्चरला पाठवला. पहिल्या सँपलचं कल्चर तोवर आलं होतं, प्रतिकार नव्हताच. वजन ९०० ग्रॅमने वाढलेलं, संध्याकाळचा ताप बंद, भूक लागतेय. औषध बदलायचं काहीच कारण नव्हतं. मी वडिलांना म्हटलं मिरजेला जरूर जा, हे सगळे कागद घेऊन जा, पण एकही दिवस गोळी चुकवू नका. ते गेले, तिथेही तेच सांगितलं, परत आले. मला त्याचा राग आला नाही, पोटच्या पोरीसाठी दुसरं मत घ्यावंसं वाटणारच. तीन आठवड्यांनी सूज उतरायला लागली. दुसरं कल्चर निगेटिव्ह आलं.

सहा महिने पूर्ण झाले तेव्हा वजन १४.८. मानेत एक गाठ अजून लागते, आठ मिलीमीटर, कडक, सुटी. ती तशीच राहील कदाचित, कोर्स संपल्यावर उरलेल्या एवढ्याशा गाठीसाठी औषध लांबवायचं नसतं, मोठी होत नाही ना एवढं बघायचं. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी. आजोबांचा बेडका दोन महिन्यांनीच निगेटिव्ह झाला होता, कोर्स पूर्ण झाला, शुगरची गोळी कायमची लागली, विडी कमी झालीय पण सुटलेली नाही, त्यावर आमचं अजून चालू आहे.

आजोबांना तरी कुठून आला, हा प्रश्न आशाताईंनी उचलला, मी सांगायच्या आधीच. आजोबा रोज संध्याकाळी पारावर ज्या चौघांबरोबर बसतात त्यांची नावं तिने आजोबांकडूनच काढून घेतली. तिघांनी बेडका दिला, निगेटिव्ह आले. चौथा म्हणतो मला काही होत नाही, माझा खोकला तंबाखूचा आहे. त्याच्या घरात दोन वर्षांची नात आहे. आशाताई डबी घेऊन परत एकदा जाऊन आलीय, आता या बाजारच्या दिवशी आजोबा स्वतः त्याला घेऊन केंद्रावर येणार आहेत.